पाद्रीबाबाच्या चित्राखालची ओळ

माझ्या अकोल्याच्या मैत्रिणीच्या घरी, पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर एक पाद्री टांगलेला आहे. काळ्या लाकडी चौकटीत, काचेमागे. दाढी छातीपर्यंत, गळ्याशी पाद्री लोक लावतात त्या दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि डोळे असे की तुम्ही खोलीत कुठेही बसून चहा प्या, तो तुमच्याकडेच बघतो. घरातले त्याला पाद्रीबाबा म्हणतात. चित्राखाली एक बारीक ओळ आहे, अर्धी चौकटीच्या पट्टीखाली गेलेली. ती कुणालाच वाचता येत नव्हती. फार पूर्वी कोणी पाहुणे धर्मगुरू घरी जेवायला आले होते, ते म्हणाले, ही हिब्रू असावी, बायबलातलं वचन असेल. झालं. तेव्हापासून ती हिब्रू.

मी अमरावतीची. शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले. ही मैत्रीण त्याच शाळेत मराठी शिकवायची आणि आता अकोल्याला आईजवळ राहते. नोकरीत नवी होते तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता मी त्या चित्राकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "छापील आहे हो हे. पुस्तकातून कापून चौकटीत घातलंय." नागपूरला चित्रकला शिकून आलेली मी, छपाईच्या वर्गात दोन वर्षं हात काळे केलेली, मला कोण विचारणार? मैत्रिणीच्या आईनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि आत गेली. आपण काहीतरी कोडगं बोललो हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. तोंड आधी आणि डोकं नंतर, हा माझा जुना रोग.

यंदा जानेवारीत मैत्रिणीचा फोन आला. "तू उद्या अकोल्याले येऊन राहिली," एवढंच म्हणाली. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मीही आधी चिडले, मग कारण विचारलं, तेव्हा गोष्ट बाहेर आली.

त्यांच्या चर्चचा वर्धापन सोहळा होता. जुन्या वस्तूंची एक खोली करायचं समितीनं ठरवलं होतं. जुन्या वहीत कुठेतरी पाद्र्यांच्या बंगल्यातल्या सामानाची यादी निघाली, त्यात "पाद्रीसाहेबांचे चौकटीतले चित्र, एक" असं लिहिलेलं होतं. बंगल्यात आता चित्र नाही. आणि मैत्रिणीच्या आईचे वडील त्या बंगल्यात खानसामा होते, म्हणजे स्वयंपाकी. दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो? समितीचे सेक्रेटरी मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी फोन करून अगदी गोड आवाजात सांगितलं की आजोबांनी चित्र इतकी वर्षं सांभाळून ठेवलं याबद्दल समिती आभारी आहे, शनिवारी चार वाजता आम्ही ते न्यायला येतो.

मैत्रीण म्हणाली की त्या "सांभाळून ठेवलं" या शब्दांनी आईला जेवण गेलं नाही तीन दिवस.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. मूर्तिजापूरपर्यंत उभी. पिशवीत भिंग, पेचकस, पांढरे सुती हातमोजे आणि घरून निघताना उगाच घेतलेला एक जुना रंगाचा ब्रश. आत्ता सांगायला हरकत नाही, मला त्या चित्राविषयी आस्था नव्हती. छापील चित्र ते, त्यात काय बघायचं, मैत्रिणीचा शब्द मोडवत नाही म्हणून चालले होते.

मावशी, म्हणजे मैत्रिणीची आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. दवाखान्यात नर्स होत्या. अजूनही पाठ ताठ, पांढरी साडी कडक इस्त्रीची. मी पाया पडले तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"माह्या बापाले चोर म्हनून राहिले थे," त्या म्हणाल्या. "तोंडानं नाही म्हनत, पन म्हनून राहिले. तू पाह्य आन मले खरं सांग. चोरीचं असन तर मी सोता नेऊन देईन, सगळ्यांसमोर माफी मागीन. पन मले बरं वाटावं म्हनून खोटं सांगू नोको."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बाई, फसलीस. चित्र बघून चोरी कशी ओळखणार? मी काय पोलीस?

चित्र खाली उतरवलं, चादर अंथरून जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं. मागचे खिळे गंजून लाकडात मुरलेले, ते काढता काढता माझ्या अंगठ्याचं नख गेलं. पाठीमागे पिवळं पडलेलं वर्तमानपत्र, त्याखाली पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याखाली कागद. कागद हातात घेतला आणि उजेडाला धरला. जाड, दोरे असलेला, कापसाचा कागद होता. पुस्तकाचं पान असं नसतं.

हातमोजा काढला. करू नये, पण काढला. डोळे मिटून कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं तर चित्राच्या चारही बाजूंनी खोलगट दाब लागला, जणू कुणी कागदावर जड पत्रा ठेवून दाबला होता. कुणी दाबलाच होता. आणि दाढीवरून बोट नेलं तेव्हा शाई बोटाला उंच लागली. पुस्तकातलं छापील नाही, हातानं छापलेलं. या दोन शब्दांत केवढा फरक आहे, आणि तो मी, दोन वर्षं हेच शिकलेली बया, काचेतून एक नजर टाकून गिळून बसले होते.

मैत्रिणीला आणि मावशींना समजावून सांगितलं. हे काम असं करतात. तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. मग सुईनं त्या मेणावर चित्र काढायचं, तांब्यावर नाही, फक्त मेणावर. सुई गेली तिथे मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब मेणाला काही करत नाही, उघडं तांबं मात्र खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल. बुडबुडे आले की पिसानं हळूच बाजूला करायचे. मेण धुऊन काढलं की पत्र्यावर रेघांचे चर राहतात. त्यांत शाई भरायची, वरची शाई मलमलीनं आणि तळहातानं पुसून घ्यायची, ओला कागद ठेवायचा आणि रुळातून दाबून काढायचा. कागद त्या चरांत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून ती उंच लागते.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तेजाबाचे हात भाजत नाहीत काय? नर्सच त्या. मी म्हटलं, भाजतात, माझ्या मनगटावर डाग आहे. त्यांनी तो चष्मा लावून पाहिला आणि तेव्हा काय लावलं होतं ते विचारलं, वर माझं उत्तर ऐकून नाकही मुरडलं.

मग मी भिंग काढलं आणि दोन तास कसे गेले मला कळलं नाही. मैत्रिणीनं तीनदा चहा ठेवला, तिन्ही वेळा गार झाला. खोटं कशाला बोलू, मला चोरीबिरीचा विसर पडला होता. कोटाच्या सावलीत आडव्यातिडव्या रेघांची जाळी किती दमानं टाकली होती. एकदा बुडवून काढलेल्या रेघा फिकट, दोनदा बुडवलेल्या गडद, आणि डोळ्याच्या बाहुल्या तर इतक्या काळ्या की तिथे तेजाबानं तळ गाठला असणार. गळ्याच्या दोन पट्ट्यांवर एकही रेघ नव्हती. पांढरा म्हणजे नुसता कागद. डाव्या गालावर मात्र बारीक खड्डे खड्डे होते. मावशी म्हणाल्या, बाबाला देवी येऊन गेल्या होत्या, असं घरात सांगतात. मी म्हटलं, नाही मावशी, तिथे मेणाला बारीक भोकं पडली असतील आणि तेजाब आत घुसलं असेल. हौशी माणसाच्या हातून होतं ते, आमच्याही हातून व्हायचं. बिचाऱ्याला आयुष्यभर देवीचे व्रण चिकटले ते मेण नीट न लावल्यामुळे. यावर मावशी त्या दिवसातलं पहिलं हसल्या.

आणि ते डोळे. समोर बसवलेल्या माणसाचं चित्र काढलं तर तो थोडा कंटाळतो, नजर हलते. हा कंटाळलेला नव्हता, हा कामात होता. आरशात बघून स्वतःलाच काढणारा माणूस असं रोखून बघतो. मी म्हटलं, हे पाद्रीबाबानंच काढलेलं आहे, स्वतःचं स्वतः. मैत्रीण म्हणाली, बाबाला चित्रं काढायचा नाद होता हे तर आजी सांगायची, बंगल्याच्या मागच्या खोलीत त्यानं लाटण्यासारखं कायसं यंत्र बसवलं होतं. लाटण्यासारखं! अगं मग आधी सांगायचं नाही का, माझे आई? ती म्हणाली, तू विचारलं कुठं?

राहिली ती ओळ. पट्टीखालून आता पूर्ण मोकळी झाली होती. भिंग लावलं आणि मी बुचकळ्यात पडले. वरच्या सगळ्या चित्रात रेघा होत्या, इथे रेघ नव्हतीच. ठिपके होते. ओळीनं मांडलेले, एकाशेजारी एक, त्यांतून अक्षरांसारखे आकार झालेले. आणि प्रत्येक ठिपक्याभोवती शाईची पुसट लव. तेजाबानं खाल्लेल्या ठिपक्याला अशी लव येत नाही. हातोडीनं ठोकलं की तांबं कडेनं उचलून येतं, त्या उचललेल्या कडेत शाई अडकते, तेव्हा ती येते. म्हणजे ही ओळ सुईनं नाही, तेजाबानं नाही, खिळ्यासारख्या कशानं तरी ठोकून लिहिलेली. कोणी? चित्र काढणाऱ्याचा हात हा नव्हे. एवढी नाजूक दाढी काढणारा माणूस शेवटी हातोडी कशाला घेईल?

डोकं चालेना तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले, मैत्रीण फोडणी देत होती तिच्याशी बोलायला. ओट्यावर साखरेचा पितळी डबा होता. त्याच्या झाकणावर तिचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव. ठिपक्या ठिपक्यांत.

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. भांड्यावर नावं टाकणारा! लग्नाच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर पाटावर बसतो, ठक ठक ठक करत छिन्नीनं नाव घालतो, तो. आपल्याकडे कोण भांडं नावाशिवाय घेतं? पंगतीत, लग्नात, शेजारी कुठेही गेलं तरी नावानं घरी परत येतं. पाद्रीबाबानं चित्र काढून पत्रा त्याच्याकडे नेला असणार. आणि त्या कारागिराच्या लेखी तांबं म्हणजे भांडं. त्याला छपाई काय ठाऊक? त्यानं रोज घालतो तसं सरळ नाव घातलं, शिरोरेघ न देता, कारण भांड्यावर शिरोरेघ द्यायला वेळ कोणाला आहे. आणि पत्र्यावर सरळ लिहिलेलं कागदावर उलटं उमटतं. हिब्रू म्हणे! हिब्रू कसली डोंबलाची, ते आपलं अकोल्याचं बाळबोध होतं.

धावत पुढच्या खोलीत आले आणि मावशींना म्हटलं, हे बघा, ही ओळ मागाहून कुणी कागदावर लिहिलेली नाही. ती पत्र्यातच होती. पाद्रीबाबानं स्वतःच्या हातानं शाई भरून, रुळ फिरवून, ही ओळ असलेला कागद काढला. आणि पत्रा एक असला तरी त्यावरून कागद हवे तेवढे निघतात, त्यामुळे वहीतलं बंगल्याचं चित्र हेच असं कोणी म्हणू शकत नाही. माझा आवाज चढला होता. मी जिंकल्याच्या थाटात होते.

मावशींनी ओळीकडे पाहिलं. त्यांनी एकच विचारलं.

"भांड्यावर नाव मालकाचं राह्यते. थे पाद्र्याचंच असलं तं?"

मी भिंग खाली ठेवलं. खरंच, मग काय? त्याचंच नाव निघालं तर त्याच्याच मालकीचा पुरावा मी माझ्या हातानं टेबलावर मांडणार होते, तोही चार वाजायला तासभर असताना. एक क्षण असा आला, मला लाज वाटते सांगायला, की म्हणावं, पुसट झालंय, वाचता येत नाही. कोणाला कळलं असतं? पण मावशींनी सकाळीच बजावलं होतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मैत्रिणीनं पर्समधला हातआरसा आणला. मी तो ओळीच्या कडेला उभा धरला. आरशात अक्षरं सरळ झाली. ठिपके जोडत जोडत मराठीच्या बाईंनी वाचलं. पहिला शब्द नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही, घरातलं आहे ते. पाद्र्याचं नव्हतं. खानसाम्याचंही नव्हतं. बाईमाणसाचं नाव होतं. आणि पुढे: "इले माहेरून." म्हणजे हिला, माहेराकडून.

मैत्रिणीनं परत वाचलं. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, हे तं आजीचं नाव आहे."

मावशी आरशाकडेच बघत राहिल्या. मला वाटलं ऐकू आलं नाही, मी मोठ्यानं सांगायला गेले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग सावकाश बोलायला लागल्या. त्यांची आई पाटलाच्या घरची, दर्यापूरकडची. ख्रिस्ती झाली आणि खानसाम्याशी लग्न केलं, तेव्हा घरच्यांनी जिवंतपणी तिच्या नावानं आंघोळ केली. लग्नाला तिच्या बाजूनं एक माणूस आला नाही, एक वाटी आली नाही. लग्न पाद्रीबाबानंच लावलं. पुढे दिवाळीला आसपासच्या बाया माहेरी निघाल्या, बैलगाड्या जुंपल्या, की ही पदर खोचायची, ओलं फडकं घ्यायची आणि म्हणायची, मी पण माहेरी जाऊन येते. आणि दुसऱ्या खोलीत जाऊन त्या चित्राची काच पुसत बसायची. दरवर्षी.

"आमी पोट्टे हासत होतो," मावशी म्हणाल्या. "आमाले वाटे, गंमत करून राहिली. माय तं आमाले खरंच सांगत होती."

आणि त्या रडल्या. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, आईसाठी, हमसून हमसून. मैत्रीण रडली, मीही रडले. मी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी मला आवरलं नाही. पाद्रीबाबाला काय सुचलं असेल! पोरीला माहेर नाही हे बघितलं, माहेर भांडी देतं हे बघितलं, भांड्यावर नाव असतं हेही बघितलं. भांडी देण्याइतकं असेल नसेल, तांब्याचा पत्रा होता आणि सुई धरता येत होती. मग स्वतःचाच चेहरा दिला आणि बाजारात जाऊन वर रीतसर नाव घालून आणलं. ओळ उलटी उमटलेली बघून त्यानं कपाळाला हात लावला असेल का हसला असेल, हे मला अजून राहून राहून वाटतं. ठोकलेलं तांबं काही परत सपाट होत नाही. तशीच दिली.

मावशींनी आरसा स्वतःच्या हातात घेतला. ओळ स्वतः वाचली. मग उठून तोंड धुतलं, साडी नीट केली, केस विंचरले आणि खुर्चीत जाऊन बसल्या. आम्ही काच पुसून चित्र परत चौकटीत बसवलं, या वेळी पट्टी खाली सरकवून, ओळ पूर्ण दिसेल अशी.

बरोबर चार वाजता सेक्रेटरी आले. हातात मोठा रिकामा खोका आणि गुंडाळायला प्लास्टिक. नमस्कार झाले. मी त्यांना पत्रा, कागद, ठिपके सगळं सांगितलं, बहुतेक गरजेपेक्षा दुप्पट सांगितलं. मैत्रिणीनं आरसा धरला आणि त्यांनी ओळ वाचली. एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. भला माणूस होता. खोका हातातच होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. आमची चूक झाली, असं ते हळू आवाजात म्हणाले आणि निघायला लागले.

मावशींनी त्यांना थांबवलं. बसा म्हणाल्या. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, मांडीवर खोका घेऊन. मावशींनी त्या खोक्यात वाकून पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हंजे तुमी माह्या मायच्या माहेरचे," त्या म्हणाल्या. "मंग इतक्या वर्सांनी आले, आन असे रिकाम्या हातानं कावून आले?"